युदोनो पर्वताचे ‘सोकुशिन्बुत्सु’ : काही विचार

जपानमधील यामागाता प्रांतात युदोनो पर्वताच्या आसमंतात काही तपस्व्यांचे शुष्क देह मंदिरांत पूजिले जातात. त्यांना ‘सोकुशिन्बुत्सु’, म्हणजे ‘याच देही बुद्ध झालेला’, असे म्हणतात. मराठी अभ्यासकास येथे आळंदीची संजीवन समाधी (१२९६) आठवणे स्वाभाविक आहे. परंतु हे साम्य फार ताणता येत नाही. आळंदीस समाधीचे द्वार मिटले ते कायमचेच. युदोनोच्या परंपरेत मात्र ते पुन्हा उघडणे हाच विधीचा गाभा होता. आणि उघडणारे हात अर्थातच इतरांचे.

हे साधक ‘इस्सेइ ग्योनिन’, म्हणजे आजन्म व्रतस्थ, या वर्गातले. मठाच्या श्रेणीत त्यांचे स्थान खालचे होते. त्यांच्या नावांतील अखेरचे ‘काइ’ हे पद शिंगोन पंथाचे प्रवर्तक कूकाइ (७७४–८३५) यांच्या नावातून आले आहे. कूकाइ कोया पर्वतावर मैत्रेयाची प्रतीक्षा करीत अद्यापि ध्यानस्थ आहेत, अशी श्रद्धा या आचारामागे उभी आहे. साधक प्रथम धान्ये वर्ज्य करून वर्षानुवर्षे रानातील फळबिया व झाडांच्या साली यांवर राही. पुढे त्यास भूमिगत कोठडीत बसवीत आणि तीन वर्षे तीन महिन्यांनी देह बाहेर काढीत, असे परंपरा सांगते.

दाइनिचिबो मंदिरातील शिन्न्योकाइ यांचा अंत १७८३ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी झाला, असे मंदिराची परंपरा सांगते. तो तेन्मेइ दुष्काळाचा काळ होय. अन्नावाचून माणसे मरत असता स्वेच्छेने अन्न त्यागणारा वृद्ध लोकांस आपले दुःख वाहणारा वाटला असल्यास नवल नाही. त्यांची वस्त्रे ठरावीक वर्षांनी बदलतात आणि जुन्या वस्त्राचे तुकडे ताईत म्हणून भाविकांना मिळतात. चुरेन्जी मंदिरातील तेत्सुमोन्काइ (मृत्यू १८२९) यांनी तर हयातीतच लोकांसाठी घाटरस्ता करविला. एदो नगरीतील नेत्ररोगाची साथ शमावी म्हणून त्यांनी स्वतःचा डोळा अर्पिला, ही कथा मात्र आख्यायिकेच्या कोटीत ठेवणे बरे.

१९६० नंतर शरीरशास्त्रज्ञ ओगाता तामोत्सु प्रभृतींनी हे देह तपासले. तेत्सुर्यूकाइ यांच्या उदरात चुना भरलेला आढळला. म्हणजे मृत्यूनंतर भक्तांनी देहावर संस्कार केले होते. तेव्हा या परंपरेस ‘स्वयं’ हे विशेषण सरसकट लावता येणार नाही.

बुक्काइ यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९०३ मध्ये ते निवर्तले, तेव्हा थडगे उकरणे हा मेइजी राजवटीच्या कायद्यान्वये गुन्हा ठरला होता. त्यांचा देह भूमीतच राहिला. १९६१ साली तो बाहेर काढला गेला, तो संशोधकांच्या हस्ते. आणि पुढे मुराकामी येथील कान्नोन्जी मंदिरात त्याची प्रतिष्ठापना झाली.