५९ दिवसांची मुदत

(सगळ्या वेळा ब्रिटनच्या)

१४ मार्च २०१७ : मायक्रोसॉफ्टचं ‘एमएस१७-०१०’ हे अपडेट आलं. नेटवर्कमधल्या कॉम्प्युटरना एकमेकांच्या फायली उघडता याव्यात म्हणून विंडोजमध्ये जी जुनी सोय होती, तिच्यातलं भगदाड त्याने बुजत होतं. एक पैसा लागत नव्हता. अपडेट होऊ द्यायचं आणि मशीन रीस्टार्ट करायचं, बस.

१४ एप्रिल : अमेरिकी हेरसंस्था एनएसएकडून चोरलेलं ‘इटर्नलब्लू’ हे हत्यार ‘शॅडो ब्रोकर्स’ टोळीने जगजाहीर केलं. ते याच भगदाडातून आत शिरतं. इथून पुढचा प्रत्येक दिवस धोक्याचा होता. ब्रिटनच्या रुग्णालयांना अपडेट टाकण्याच्या सूचना मार्चमध्येही गेल्या, एप्रिलमध्येही.

१२ मे, शुक्रवार, सकाळी पावणेनऊच्या सुमारास : वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस सुटला. आपल्याकडे दुपारचा सव्वा वाजला होता. कोणी फसव्या लिंकवर क्लिक करायची गरजच नव्हती. अपडेट न केलेलं एक मशीन सापडलं की तिथून तो शेजारचं धुंडाळायचा. फोटो, एक्सेल शीट, पेशंटची कागदपत्रं, सगळ्याला कुलूप. स्क्रीनवर लाल चौकट, तिच्यात उलटे धावणारे दोन काउंटर. ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा. तीन दिवसांनी दुप्पट. सात दिवसांनी फायली कायमच्या गेल्या.

दुपारी ४ : ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस, तिच्या इंग्लंड शाखेने मोठी आपत्ती जाहीर केली. पाच भागांत तातडीच्या रुग्णांना लांबच्या दवाखान्यात जावं लागलं.

जवळपास त्याच वेळी : मार्कस हचिन्स या २२ वर्षांच्या सायबर सुरक्षा संशोधकाला व्हायरसच्या कोडमध्ये एक लांबलचक, निरर्थक वेबपत्ता दिसला. त्याने तो दहा-अकरा डॉलरना विकत घेतला. तिथून उत्तर आलं की व्हायरस थांबतो, हे त्यालाही नंतर कळलं. फैलाव थांबला, कुलूप लागलेल्या फायली मात्र तशाच राहिल्या.

एकूण दीडशे देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटर त्याच्या तावडीत सापडले. खापर जुनाट विंडोज एक्सपीवर फुटलं. ते मला पटत नाही, कारण बहुतेक बळी विंडोज सेव्हनचे होते, म्हणजे ज्यांच्यासाठी अपडेट दोन महिने तयार होतं.

२७ जून : नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला. पसरायचे आणखी मार्ग त्याच्याकडे होते, पण इटर्नलब्लू होतंच. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलवरचं कंटेनरचं काम ठप्प झालं. मार्चचं अपडेट येऊन तेव्हा साडेतीन महिने होत आले होते.