माशीच्या गुणसूत्रावरची सूज

चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या जोतिबा डोंगरावर, यात्रेत, ऊन मी म्हणत असतं. निनाम पाडळी, विहे अशा गावांच्या मानाच्या सासनकाठ्या गडी भर उन्हात नाचवतात. त्यांच्याच भावकीतला, वर्षभर पंख्याखाली बसणारा पाहुणा मात्र दुपारीच गुलालात बसकण मारतो. गड्यांना सवय आहे, असं आपण म्हणतो. ही सवय पेशीलाही लागते, आणि तिचा माग इटलीतल्या एका गफलतीतून लागला.

संशोधक फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथी तपासत होते. कुणीतरी उबवणपेटीचं तापमान वाढवून ठेवलं. सूक्ष्मदर्शकातून पाहतात तर गुणसूत्रं भलत्याच जागी फुगलेली, म्हणजे तिथली जनुकं जोरात कामाला लागलेली! एका नामांकित नियतकालिकानं हा शोध परत पाठवला. माशीला उकडलं तर जगाला काय त्याचं? अखेर 1962 मध्ये तो ‘एक्सपेरिएन्शिया’त छापून आला. ही जनुकं करतात काय, हे कळायला 1974 उजाडलं. आल्फ्रेड टिसिएर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तापलेली पेशी नेहमीची कामं आवरती घेते आणि मोजकीच प्रथिनं भराभर बनवते. हीच हीट शॉक प्रथिनं. पुढे ती यीस्टपासून माणसापर्यंत सगळीकडे सापडली.

प्रथिन म्हणजे नीट घडी घातलेली साखळी. उष्णतेनं घडी उसवते, आत दडलेले, पाण्याशी न जमणारे भाग उघडे पडतात आणि साखळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो. उकडताना अंडं पांढरं होतं ते यामुळेच. एचएसपी-70 हे हीट शॉक प्रथिन ते उघडे भाग धरून ठेवतं, मग एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून सोडतं. पुन्हा घडी बसायला संधी मिळते. एरवी हीच प्रथिनं एचएसएफ-1 नावाच्या कळीला अडकवून ठेवतात. ती डागडुजीला धावली की कळ मोकळी होते, डीएनएवर जाऊन बसते आणि आणखी प्रथिनं बनवायला लावते. वेगळा तापमापक लागतच नाही. मला यातलं हेच सगळ्यात देखणं वाटतं.

आधी थोडी तापलेली पेशी या प्रथिनांचा साठा बाळगून असते, म्हणून पुढचा मोठा तडाखा सोसते. फाल्गुनभर रानात राबलेल्या गड्याला घामही लवकर सुटतो, रक्तातलं पाणीही वाढलेलं असतं. या प्रथिनांची त्यात भर पडते. वनस्पतींना तर सावलीत जाण्याचीही सोय नाही. त्यांच्याकडे लहान हीट शॉक प्रथिनांचे प्रकार प्राण्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात.