भाग: केस, कंगवा आणि पगडी – बिदरच्या न्हाव्यापासून नांदेडपर्यंत

नेहमीप्रमाणे हा आजच्या भागाचा मजकूर, ज्यांना ऐकताना नावं-सनावळ्या टिपता येत नाहीत त्यांच्यासाठी. बोलण्याच्या ओघात आलेलं तसंच ठेवलंय, फक्त थोडं साफसूफ केलंय.

सुरुवात इतिहासापासून नाही, बल्लारपूरपासून करतो. माझं लहानपण तिथलं. पेपर मिलला जाणारे बांबूचे ट्रक, आलापल्लीकडून येणारं सागवान, कोळसा, आणि दिल्लीहून मद्रासकडे जाणारी रेल्वे. त्यामुळे सरदारजी आमच्यासाठी नवलाचे नव्हते. कोणी ट्रकचा मालक, कोणी स्पेअर पार्टच्या दुकानात. माझ्या वर्गातही एक होता. डोक्यावर छोटा अंबाडा आणि त्याला बांधलेला पांढरा रुमाल.

१९८४ च्या ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली. दिल्लीत शिखांच्या वस्त्या जळत होत्या, आम्ही ते रेडिओवर आणि पेपरात अर्धवट ऐकत-वाचत होतो. सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि तो वर्गात आला तर डोकं आमच्यासारखं. केस कापलेले. मी मोठ्याने हसलो, ‘का बे, आता तू आमच्यातला झालास!’ तो काही बोलला नाही. बाकावर जाऊन बसला आणि दिवसभर डोक्यावर हात ठेवून होता.

त्या हाताचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली. आजचा भाग त्याबद्दलच आहे.

तर, केस न कापण्याची ही रीत आली कुठून?

आधी एक गैरसमज बाजूला करू. सतराव्या शतकात डोक्याला कापड बांधणं ही काही शिखांची खासियत नव्हती. पंजाबात काय आणि आपल्याकडे काय, बोडक्या डोक्याने बाहेर पडणं हेच अशुभ मानलं जायचं. आपल्याच भाषेत बघा, पगडी, पागोटं, फेटा, मुंडासं, पटका, रुमाल, किती शब्द आहेत! आणि प्रत्येक शब्दामागे माणसाची जात, धंदा, पायरी. बांधणी लांबून दिसली की समोरच्याला ‘या बसा’ म्हणायचं की दारातच उभं ठेवायचं हे ठरायचं. केसांचंही तेच. कोणाची शेंडी, कोणाच्या जटा, कोणाचा गोटा. डोकं म्हणजे माणसाचं ओळखपत्रच होतं म्हणा ना.

आता १६९९ ची बैसाखी. आनंदपूर. गुरू गोविंदसिंगांनी जमलेल्या लोकांपुढे तलवार उपसून शीर मागितलं, आणि एकामागून एक पाच जण उभे राहिले. हे पंज प्यारे. परंपरेने सांगितलेली त्यांची गावं आणि जाती नीट ऐका. लाहोरचा दयाराम, खत्री. हस्तिनापूरचा धरमदास, जाट. जगन्नाथपुरीचा हिम्मतराय, पाणक्या. द्वारकेचा मोहकमचंद, छिंबा, म्हणजे कापड छापणारा-शिवणारा, आपल्या नामदेवांच्या शिंपी समाजाशी नातं सांगणारा. आणि पाचवा साहिबचंद, बिदरचा. बिदर, म्हणजे आपल्या उदगीर-देगलूरच्या पलीकडचं. आणि हा साहिबचंद जातीने न्हावी होता.

इथे मी नेहमी थांबतो. ज्या पंथाने पुढे वस्तरा डोक्याला लावायचाच नाही असं ठरवलं, त्याच्या पहिल्या पाचांत एक न्हावी! त्याच्यासाठी ती नुसती दीक्षा नव्हती. जन्माने दिलेलं काम आणि त्या कामाने दिलेली पायरी, दोन्ही एकदम सुटलं. पाचही जण एकाच वाटीतून अमृत प्यायले, पाचही जण ‘सिंग’ झाले. पुढे चमकौरच्या लढाईत हा बिदरचा साहिबसिंग मारला गेला.

आता ‘पाच ककार’ आपल्याला पाठ असतात: केश, कंगा, कडं, कच्छ, किरपाण. पण ही पाचांची यादी अशीच्या अशी त्या दिवशी सांगितली गेली का, यावर अभ्यासकांत वाद आहे. डब्ल्यू. एच. मॅक्लाउड यांच्यासारख्या इतिहासकारांचं म्हणणं असं, की पाचांची ठरीव यादी नंतरच्या काळात पक्की झाली. शीख परंपरा ती १६९९ चीच मानते. मात्र केसांबद्दलचा पुरावा फार लवकरचा आहे. गुरूंच्या दरबारातला कवी सेनापती याच्या ‘गुरसोभा’ या ग्रंथात दिल्लीच्या शिखांमधलं एक भांडण येतं. घरात माणूस गेला की डोकं भादरायचं, ही जुनी रीत. त्याला तिकडे ‘भद्दर’ म्हणत. खालसा झालेल्यांनी ते करायला नकार दिला, बिरादरी खवळली, वाद बाजारपेठेपर्यंत गेला.

‘भद्दर’ शब्द ऐकून काही आठवलं? आपलं ‘भादरणं’! मुळात ‘भद्र करणे’ म्हणजे क्षौर करणे. आपण आज तो शब्द चेष्टेत वापरतो, पण त्या वेळी त्यावरून घरं फुटत होती. बाप मेला आणि मुलगा डोकं करत नाही, म्हणजे मुलाने कुळ सोडलं आणि पंथ धरला. केस ही श्रद्धेची खूण होतीच, पण ‘मी आता कोणाचा’ याचं ते जाहीर उत्तरही होतं.

मग कंगवा कशाला? कारण वाढवलेले केस आणि जटा यांत फरक करायचा होता. जटा वाढवून बैरागी संसार सोडतो. खालशाने केस वाढवायचे, पण रोज विंचरायचे, बांधायचे, आणि शेती, दुकान, लढाई सगळं करत संसारातच राहायचं. आणि बांधलेले केस झाकायला पगडी, म्हणजे दस्तार. गंमत अशी की पाच ककारांत पगडी नाही. ती केसांची राखण म्हणून आली आणि पुढे सगळ्यात ठळक ओळख झाली. जातीजातीची वेगळी बांधणी जिथे होती, तिथे पाणक्या आणि खत्री दोघांच्या डोक्यावर सारखाच मान आला.

ही ओळख महागात पडली, हेही खरं. अठराव्या शतकात लाहोरच्या मोगल सुभेदाराने शिखांवर इनामं लावली, तेव्हा लपणं अवघड झालं ते केसांमुळेच. १७४५ मध्ये भाई तारूसिंग यांना केस कापून घे, सुटशील, असं सांगितलं गेलं. परंपरा सांगते की त्यांनी केसांऐवजी डोक्याची कातडी सोलू दिली. पुढे इंग्रजांनी शीख पलटणी उभ्या केल्या आणि जवानांनी केस-पगडी राखावी असा आग्रह धरला. कारण त्यांचं स्वतःचं होतं, पण त्यामुळे रूप आणखी एकसारखं झालं. १९४५ मध्ये शिरोमणी समितीने मंजूर केलेल्या रहित मर्यादेत पुरुषांना पगडी आवश्यक आणि स्त्रियांना ऐच्छिक, असं लिहिलं गेलं.

या गोष्टीचं दुसरं टोक मात्र आपल्याकडे आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग नांदेडला आले. गोदेकाठी माधोदास नावाचा बैरागी राहत होता. तो खालशात आला आणि बंदासिंग बहादूर होऊन पंजाबात लढायला गेला. जटा आणि कंगवा यांतला फरक मघाशी सांगितला ना, तो प्रत्यक्षात घडलेला इथे दिसतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रंथसाहिबालाच गुरू मानायला सांगून, गुरूंनी नांदेडला देह ठेवला. तिथल्या तख्त सचखंडाची इमारत रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ मध्ये बांधवली.

आमच्या बल्लारपूरची वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, आणि ती गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. नांदेडवरून आलेलं पाणी आणि आमच्या किल्ल्याखालून गेलेलं पाणी तिथे एक होतं. मी सिरोंच्याला गेलो की हे आठवतंच.

माझा तो वर्गमित्र काही वर्षांपूर्वी फोनवर सापडला. पूर्ण पगडी, दाढी, नातवंडं. मी हसल्याची माफी मागितली. तो म्हणाला, ‘तू हसलास ते मला आठवतही नाही रे. मला आठवतात ते वडील. कात्री त्यांनीच चालवली. कापलेले केस स्वच्छ कापडात गुंडाळले आणि रात्रभर मांडीवर घेऊन बसले.’

मुलाच्या केसालाही धक्का लागू नये म्हणून बापाने मुलाचे केस कापले. मराठीत हे वाक्य बोलताना मला अजून अडखळायला होतं.

तुमच्या गावातल्या अशा आठवणी असतील तर जरूर कळवा. पुढच्या भागात दख्खनी शीख, निजामाच्या चाकरीत आलेली लाहोरी फौज आणि त्यांची मराठी. तोवर, नमस्कार.