घरगुती व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आणि शक्तीची निवड : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

पाटोदा (जि. बीड) येथील एखादा विद्यार्थी किंवा हौशी कारागीर आज व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्वतः बांधू लागला, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो किती वॅट शक्ती ठेवावी हा. हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. वस्तुतः आवाज कोणापर्यंत पोहोचवायचा, या सामाजिक प्रश्नाशी तो प्रारंभापासून निगडित आहे. प्रस्तुत लेखात या निवडीचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

सभा आणि खोली

ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीन अग्रांची निर्वात नलिका तयार केली आणि पुढे तिच्या साहाय्याने मानवी आवाज विवर्धित करणे शक्य झाले. महाराष्ट्रात या साधनाचे महत्त्व राष्ट्रीय चळवळीच्या सभांमधून प्रकर्षाने दिसते. मुंबईतील ‘शिकागो रेडिओ’ या उद्योगाचे नानिक मोटवाने यांनी काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवले. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आला. पुढे त्यांची निर्दोष मुक्तता झाली. आवाज दूरवर नेणारे यंत्र राज्यकर्त्यांना किती महत्त्वाचे वाटत होते, याचा हा बोलका पुरावा होय.

याच्या नेमके उलट उदाहरण १९५६ मधील आकाशवाणीच्या शेतकरी श्रोतृमंडळांचे आहे. युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत हा प्रयोग झाला. त्यात पाटोद्याला लागून असलेला तत्कालीन अहमदनगर जिल्हा होता; बीड जिल्हा मात्र त्या वेळी हैदराबाद राज्यात असल्याने प्रयोगाबाहेर राहिला. येथे एका रेडिओ संचाभोवती मोजके श्रोते बसत, ऐकत आणि नंतर चर्चा करीत. अशा संचाला काही वॅट शक्ती पुरेशी होते. लोकशिक्षणाचे मोल वॅटमध्ये मोजता येत नाही, हे या प्रयोगावरून स्पष्ट होते.

शक्ती आणि श्रवण

शक्ती दुप्पट केल्यास ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज कानाला दुप्पट वाटावा यासाठी साधारणतः १० डेसिबल, म्हणजेच दहापट शक्ती आवश्यक असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने घटते. यावरून लक्षात येते की, ५ ऐवजी १० वॅटचा ॲम्प्लिफायर बांधल्याने खर्च आणि वजन वाढते, परंतु श्रवणात फारसा फरक पडत नाही.

निर्णायक घटक असतो तो स्पीकरची कार्यक्षमता. एका वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल देणारा घरगुती स्पीकर ३ वॅटवर सुमारे ९५ डेसिबल देतो. खोलीसाठी हे विपुल होय. १०५ डेसिबल क्षमतेचा कर्णा १५ वॅटवर एक मीटर अंतरावर सुमारे ११७ आणि मोकळ्या मैदानात ६४ मीटरवर सुमारे ८१ डेसिबल देतो. सभेचे मैदान भरून टाकण्याचे श्रेय म्हणूनच ॲम्प्लिफायरइतकेच कर्ण्याला द्यावे लागते.

व्हॉल्व्हची मर्यादा

१९४७ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी १५ वॅटचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यांचा भर शक्तीपेक्षा आवाजाच्या शुद्धतेवर होता. १९५४ मधील मुलार्ड कंपनीचा ‘५-१०’ हा आराखडा पाच व्हॉल्व्ह आणि १० वॅट यांवर आधारलेला होता. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओ-व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले.

एकच ईएल-८४ व्हॉल्व्ह सुमारे ५ वॅट ध्वनिशक्ती देतो. त्यासाठी त्याच्या पट्टिकेला सुमारे १२ वॅट आणि तंतूला जवळपास ५ वॅट वीज लागते. दोन ईएल-३४ जोडीने वापरल्यास ३५ वॅटपर्यंत मजल जाते; परंतु केवळ तंतूंनाच सुमारे १९ वॅट लागतात, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जड होतो आणि विद्युतदाब ४०० व्होल्टच्या आसपास जातो. हा दाब प्राणघातक असून संच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतो. वीज न पोहोचलेल्या गावात बॅटरीवर संच चालवताना प्रत्येक वॅटचा हिशेब ठेवणे अपरिहार्य होते.

कायद्याची चौकट

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा निश्चित झाली. एकेकाळी आवाज दूर पोहोचवणे हे ध्येय होते. आता तो कोठे थांबवावा हेही ठरवावे लागते. ऐकू येण्याच्या हक्काबरोबर शेजाऱ्याच्या शांततेचा हक्कही मान्य झाला, हा या इतिहासातील महत्त्वाचा बदल होय.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, खोलीसाठी ३ ते ५ वॅट, मोठ्या दिवाणखान्यासाठी किंवा वर्गासाठी १० ते १५ वॅट, आणि मैदानासाठी तेवढ्याच शक्तीबरोबर कार्यक्षम कर्णा, अशी निवड विवेकाची ठरते. आधी श्रोते, मग जागा, मग स्पीकर आणि शेवटी वॅट, हा क्रम महाविद्यालयीन प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना शिकवला गेला, तर भौतिकशास्त्र आणि समाजेतिहास यांचा सांधा त्यांना एकाच उपकरणात दिसू शकेल.