अंबादेवीच्या खडकांकडे एक दिवसाचा ट्रेक: फोनवर प्लॅनिंग कसं करायचं?

अमरावती किंवा अकोल्यातून एका दिवसात जाऊन येता येईल आणि खडक बघून माणूस थबकेल, अशी जागा कोणी विचारली तर मी धारूळच्या उत्तरेकडचे अंबादेवीचे खडक सुचवतो. नावावरून गोंधळू नका, हे अमरावती शहरातलं देऊळ नव्हे. मॅपमध्ये नुसतं 'अंबादेवी' टाकलं तर आधी शहरातलंच देऊळ येण्याची शक्यता जास्त, म्हणून धारूळ गाव शोधा. गाव अमरावती जिल्ह्यात आहे, पण चित्रं असलेल्या गुहा सीमेपलीकडे, मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात आहेत. अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांच्या निसर्गप्रेमी साथीदारांनी २००७ च्या जानेवारीत त्या उजेडात आणल्या.

वऱ्हाडात आपल्याला सवय काळ्या दगडाची. तो बेसॉल्ट, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. इथं मात्र वालुकाश्म आहे. त्यातला मऊ थर आधी झिजतो आणि वरचा कठीण थर छतासारखा पुढे राहतो. त्या छताखाली आदिमानव राहिला आणि त्यानं भिंतीवर चित्रं काढली.

आता मुद्द्याचं. जे खडक बघायला आपण जातो, नेमके तेच फोनच्या नकाशाला नीट दिसत नाहीत.

नकाशा कड्याला उतार का समजतो?

बऱ्याच फुकट ॲपमधल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, एसआरटीएम नावाच्या डेटावरून काढलेल्या असतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या स्पेस शटलनं ११ दिवस रडार फिरवून तो गोळा केला. त्यात साधारण ३० मीटर बाजूच्या एका चौकोनाला एकच उंची मिळते. समजा १५ मीटरचा सरळ कडा आहे. शेजारच्या दोन चौकोनांत १५ मीटरचा फरक पडला की नकाशाच्या लेखी तो २७ अंशांचा उतार झाला! रेषा २० मीटरला एक असेल तर तिथं कदाचित एकही रेषा दिसणार नाही. शिवाय दाट जंगलात रडारचा बराच भाग झाडाच्या शेंड्यांवरूनच परत जातो.

म्हणून ॲपमध्ये दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ ओढून 'शॉर्टकट' ठरवू नका. दिवस मावळताना त्या कड्याच्या टोकावर अडकणं, हा या ट्रेकमधला खरा धोका.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे ओपन सिरीज नकाशे. त्यात नाले, वाटा आणि गावांची नावं जास्त भरवशाची असतात. दुसरा, कॉम्प्युटरवर गुगल अर्थ प्रो उघडा आणि जुन्या इमेजेसचा स्लायडर उन्हाळ्यावर न्या. सागाची पानं गळलेली असतात, त्यामुळे खडक उघडे दिसतात आणि कड्याची सावली गडद पट्ट्यासारखी उमटते. मला तरी समोच्च रेषांपेक्षा या सावल्यांचा उपयोग जास्त वाटतो.

नेटवर्क नाही, मग जीपीएस चालेल?

चालेल. जीपीएसला टॉवर लागत नाही, निदान ४ उपग्रह दिसावे लागतात. नेट लागतं ते नकाशा उघडायला. ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्समध्ये तो भाग आधी उतरवून ठेवा, आणि सीमा मध्ये येते म्हणून महाराष्ट्र व मध्य प्रदेश दोन्ही घ्या. गुगल मॅप्स ऑफलाइन असताना पायी जायचा रस्ता सांगत नाही, हे लक्षात असू द्या.

नेट असताना उपग्रह कुठं आहेत ही माहिती फोन नेटवरून झटकन उचलतो. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच सेकंदाला ५० बिट या गतीनं यावी लागते. म्हणून लोकेशन गाडीजवळ, उघड्या आकाशाखाली लॉक करून घ्या आणि तिथूनच ट्रॅक रेकॉर्डिंग सुरू करा. मग फोन एअरप्लेन मोडवर टाका. बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरीही चालू राहतं आणि टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. खडकाच्या छताखाली सिग्नल भिंतीवर आपटून येतो, तेव्हा निळा ठिपका उड्या मारू लागला तर त्याच्यामागे धावू नका. उघड्यावर या, थांबा, मग बघा.

वेळेचा हिशोब

१८९२ मधला नेस्मिथचा नियम सोपा आहे: ५ किमीला १ तास, आणि ६०० मीटर चढाला आणखी १ तास. समजा एका बाजूनं ४ किमी आणि २०० मीटर चढ. म्हणजे ४८ मिनिटं अधिक २० मिनिटं, एकूण ६८ मिनिटं. हा आकडा चांगल्या वाटेवरचा आहे. आपल्या रानात, दगडधोंड्यांत मी तो सरळ दुप्पट धरतो, म्हणजे सव्वादोन तास. डिसेंबरच्या शेवटी सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, दरीत त्याआधीच अंधारतं. साडेचारला गाडीजवळ पोचायचं तर उशिरात उशिरा सव्वादोनला परत फिरायचं. त्या वेळेचा अलार्म आदल्या रात्रीच लावा. गुहा दिसली नसली तरी वळायचं, यावर चर्चा नको.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. पावसाळ्यात नाले एकदम चढतात, आणि मे महिन्याबद्दल वऱ्हाडातल्या माणसाला मी काय सांगू? पाणी माणशी ३ ते ४ लिटर.

जायच्या आधी

वनखात्याकडे परवानगीची चौकशी करा, तीही दोन्ही राज्यांत. गावातला माहितगार माणूस सोबत घ्या आणि त्याचा दिवसाचा मोबदला आधीच ठरवून द्या. कुठल्या कपारीत अस्वल बसतं, कुठल्या छताला आग्यामोहोळ आहे, हे कुठलंही ॲप सांगणार नाही. मोहोळाच्या आसपास धूर, अत्तर आणि गोंगाट बंद.

घरच्यांना गाडी लावण्याच्या जागेचे आकडे पाठवून ठेवा. दशांश चिन्हानंतर ४ आकडे पुरे, तेवढ्यात जागा साधारण ११ मीटरपर्यंत कळते. सोबत 'इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं' हेही लिहा. ११२ कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, पण टॉवरच नसेल तर नाही. लागला तर राज्य, जिल्हा आणि जवळचं गाव आधी सांगा, कारण कॉल शेजारच्या राज्याच्या नियंत्रण कक्षात जाऊ शकतो.

फोटो

रंग उठून दिसावा म्हणून चित्रांवर पाणी मारणारे लोक आहेत. कृपया असं करू नका, रंग कायमचा जातो. साधा फोटो काढा आणि घरी डीस्ट्रेच वापरून बघा. डोळ्यांना जवळपास न दिसणाऱ्या लाल छटा ते वेगळ्या करून दाखवतं, जगभर शैलचित्रांचे अभ्यासक ते वापरतात. कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातलं लोकेशन निघून जातं, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तसंच राहतं. पहारा नसलेल्या गुहेचा नेमका पत्ता ग्रुपवर फिरला की पुढच्या रविवारी भिंतीवर कोणाचं तरी नाव कोरलेलं असतं.