अल्बुकर्क : शूर की क्रूर?

'गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनानी' एवढीच अफोंसो द अल्बुकर्क याची ओळख आपण पाठ करतो. हा सरदार क्रूसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, भावनेने भारलेला होता.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी त्याने आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा जिंकला. तिमोजा या हिंदू सरदाराची त्याला साथ होती. पुढे चार दिवस शहरातील मुसलमानांची कत्तल चालली. हा शत्रूने केलेला आरोप नव्हे. त्याने स्वतःच आपल्या राजाला पत्राने तसे कळवले.

१५१५ साली तो वारला. नंतरच्या अधिकाऱ्यांच्या जुलमाने गांजलेले हिंदू-मुसलमानही त्याच्या कबरीपाशी न्याय मागत, असे पोर्तुगीज परंपरा सांगते. १५५७ साली त्याच्या मुलाने पित्याचा गौरवग्रंथ प्रसिद्ध केला.

मुलाचा ग्रंथ वाचावा, पण बापाचे पत्रही वाचावे. निकाल मग द्यावा. आणि एक गोष्ट विसरू नये. ठाण्यातला आपला ख्रिस्ती शेजारी त्या कत्तलीचा देणेकरी नाही. जुन्या सुलतान-सरदारांचा हिशेब कोणी आपल्या मुलांकडे मागितला, तर आपल्यालाही हाच न्याय हवा असतो ना?