कुत्र्याला लस, मालकाला नाही

अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे. लिंबाशी त्याचा संबंध नाही, इंग्लंडमधल्या लाइम रीजिसवरून ते नाव पडलं. १९७० च्या दशकात इथल्या पोरांचे गुडघे सुजायला लागले. एवढ्याशा मुलांना संधिवात, तोही शेजारशेजारच्या घरांत? पॉली मरे नावाच्या एका आईनं चिकाटीनं नोंदी ठेवल्या आणि १९७५ मध्ये आरोग्य खात्याचं दार ठोठावलं. येल विद्यापीठाच्या ॲलन स्टीअर यांनी १९७७ मध्ये ५१ रुग्णांचा अहवाल छापला, त्यात ३९ मुलं होती.

गुन्हेगार निघाली हरणांवरची गोचीड. आपल्याकडे गाईम्हशींच्या अंगावर दिसते तशी टपोरी नव्हे. हिचं पिल्लू जेमतेम खसखशीएवढं. १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना अशा गोचिडींच्या पोटात मळसूत्रासारखे जीवाणू सापडले. पुढे १९८४ मध्ये हाच आजार कुत्र्यातही नोंदला गेला.

कुत्र्याच्या बाबतीत पंचाईत अशी की माणसाच्या कातडीवर उठणारा लाल चट्टा इथे दिसतच नाही. दिसतं ते लंगडणं. आज पुढचा पाय, चार दिवसांनी मागचा. लॅब्रेडॉरसारखा थोराड कुत्रा लंगडला की मालक म्हणतो, खुबा गेला असेल, वय झालं. मोठ्या जातींत खुब्याचं दुखणं असतंही फार, म्हणून खरा आजार लपून राहतो.

औषध साधं आहे, डॉक्सीसायक्लीन. (या घराण्यातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, १९४५ मध्ये बेंजामिन डगर यांनी लेडर्ली कंपनीत शोधलं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव!) मात्रा दर किलोला रोज १० मिलिग्रॅम, महिनाभर. म्हणजे ४० किलोच्या कुत्र्याला ४०० मिलिग्रॅम, मालकाला याच आजारात मिळतात त्याच्या दुप्पट. लंगडणं बहुधा दोन-तीन दिवसांतच थांबतं, तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत.

पण लॅब्रेडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर यांच्यात क्वचित हा आजार मूत्रपिंडावर जातो. तिथे नुसत्या डॉक्सीसायक्लीननं भागत नाही, आणि बरेच कुत्रे दगावतात. म्हणून रक्तात लाइम सापडला की लघवीतलं प्रथिन तपासतात.

कुत्र्यांसाठी लस १९९० च्या सुमारास आली. माणसांची 'लायमेरिक्स' आली डिसेंबर १९९८ मध्ये. तिची युक्ती मला इंजिनिअर म्हणून फार आवडते: जीवाणूच्या अंगावरच्या 'ओस्प-ए' या प्रथिनाविरुद्ध आपलं रक्त तयार करायचं. गोचीड ते पिते, आणि जीवाणू तिच्याच पोटात मरतात, आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. पुढे काही जणांनी सांधेदुखीची तक्रार केली. सरकारी तपासात लशीचा दोष सिद्ध झाला नाही, पण वर्तमानपत्रं आणि कोर्टकज्जे यांत खप पार घसरला. फेब्रुवारी २००२ मध्ये कंपनीनं लस मागे घेतली.

कुत्र्यांच्या लशी मात्र चालूच राहिल्या. त्या सरसकट द्याव्यात का, यावर २०१८ साली पशुवैद्यांच्या तज्ज्ञ समितीचंही एकमत झालं नाही. पण निदान वाद घालायला लस तरी होती. माणसांसाठी नव्या लशीची मोठी चाचणी सुरू व्हायला २०२२ उजाडलं. तिचंही लक्ष्य तेच, ओस्प-ए.